प्रक्षेपक निवडताना आधी कक्षा, मग दर

संपादक महाशय,

उपग्रह कोणत्या अग्निबाणाने पाठवावा याची चर्चा निघाली की बातम्यांतून ‘किलोमागे दर किती’ एवढाच हिशेब मांडला जातो. हा हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण प्रक्षेपकाचे काम नुसते वजन उचलण्याचे नसून उपग्रह ठरलेल्या कक्षेत, ठरलेल्या वेळी सोडण्याचे असते.

एकाच उड्डाणात अनेक लहान उपग्रह नेण्याची पद्धत आता रुळली आहे. भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये १०४, तर अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ने जानेवारी २०२१ मध्ये १४३ उपग्रह एका खेपेत सोडले. यात खर्च वाचतो हे मान्य. मात्र कक्षा आणि तारीख दुसऱ्याच्या सोयीने ठरते. रोज स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्याच उन्हात छायाचित्रे घेणारा उपग्रह तासभर आधी वा नंतर डोक्यावरून जाणाऱ्या कक्षेत सुटला, तर कक्षेचे प्रतल, म्हणजे ती ज्या पातळीत फिरते ती पातळी, पंधरा अंशांनी फिरवावे लागते. पृथ्वीनजीकच्या कक्षेत एका अंशासाठीच सेकंदाला सुमारे १३० मीटर वेगबदल लागतो. एवढे इंधन लहान उपग्रहात कुठून आणणार?

नेमकेपणा चुकला की काय होते, हे ऑगस्ट २०१४ मध्ये दिसले. रशियाच्या सोयुझ अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यात इंधनाची नळी थंड हेलियमच्या नळीलगत बसवल्याने इंधन गोठले आणि युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शन मालिकेचे दोन उपग्रह चुकीच्या कक्षेत गेले. पुढे कक्षा सुधारताना त्यांना स्वतःचेच इंधन जाळावे लागले. असे नुकसान दरपत्रकात कधीच दिसत नाही.

सुमारे ४,७०० किलोंचा भारताचा दळणवळण उपग्रह जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशी फाल्कन-९ने गेला, यात कमीपणा मानण्याचेही कारण नव्हते. भूस्थिर कक्षेच्या (जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो) वाटेवर आपल्या सर्वांत ताकदवान एलव्हीएम-३ अग्निबाणाची क्षमता त्या वेळी साधारण ४,००० किलो होती. तेव्हा वजनानेच निर्णय दिला होता.

पर्यायी प्रक्षेपकाचा विचारही उपग्रहाचा आराखडा करतानाच व्हायला हवा. मार्च २०२२ मध्ये उपग्रहांद्वारे इंटरनेट पुरवणाऱ्या वनवेब कंपनीची सोयुझवरील उड्डाणे थांबली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये तिचे ३६ उपग्रह एलव्हीएम-३ने गेले. अशी अदलाबदल हवी असेल, तर उपग्रहाची जोडणी आणि कंपने सोसण्याची ताकद एकाहून अधिक अग्निबाणांना मानवेल अशीच ठेवावी लागते, आणि त्यासाठी वाढणारे थोडे वजन पहिल्याच अंदाजपत्रकात धरावे लागते.

आपला,
एक वाचक