क्लिक सव्वाअकराला, फोन चार वाजता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात ऑफिसच्या कॉम्प्युटर नेटवर्कला सगळ्यात मोठा धोका कुणापासून यावर लेख आला होता आणि सगळं वाचून झाल्यावर शेवटी उत्तर काय, तर कर्मचारी. कर्मचारी लिंक दाबतो, कर्मचारी पासवर्ड स्क्रीनला चिकटवून ठेवतो, कर्मचारी घरचा पेनड्राइव्ह आणून खुपसतो. खोटं काय नाही यात, मी रोज बघतोय. पण माझ्या दोन गिऱ्हाइकांनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, तो लेख मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं "बघा, आम्ही म्हणत नव्हतो", तेव्हा मात्र राहवेना, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापलं तरी चालेल.

मी गेली अठरा वर्षं कोल्हापूर भागातल्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इकडच्या कारखान्यांची आणि दोन पतसंस्थांची कॉम्प्युटरची कामं करतो. एएमसीवर. म्हणजे पैसे वर्षाचे ठरलेले आणि फोन रात्री साडेदहाला पण. मोठा सायबर एक्स्पर्ट वगैरे नाही, केबल ओढण्यापासून सुरुवात केली, अजून क्रिंपिंग टूल गाडीच्या डिकीत असतं.

शिरोलीतली एक फाउंड्री, नाव सांगत नाही. ऑफिसात चौदा कॉम्प्युटर, एक सर्व्हर, त्यावर टॅली आणि एक शेअर फोल्डर, ज्यात ड्रॉइंगपासून पगारपत्रकापर्यंत सगळं आणि सगळ्यांना सगळं उघडायची परवानगी, कारण वेगवेगळी परवानगी दिली की दर दोन दिवसांनी कुणीतरी "माझं फोल्डर उघडंना" म्हणून बोंब मारणार. एका सोमवारी सकाळी सव्वाअकराला अकाउंटला बसणाऱ्या ताईंना मेल आला, नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या नावानं, सुधारित पीओ, अर्जंट, सोबत झिप फाइल. पीओ म्हणजे परचेस ऑर्डर, ती बघायची हे तर त्यांचं कामच. उघडली. एक काळी खिडकी लुकलुकली आणि गेली. फाइलमध्ये काहीच नाही.

ताईंना तिथंच कळलं होतं. हे त्यांनी मला आठ दिवसांनी गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर सांगितलं, की दादा, त्याच मिनिटाला पोटात गोळा आला. पण केलं काय? मेल डिलीट केला, रिसायकल बिन रिकामं केलं, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला आणि अंबाबाईचं नाव घेऊन व्हाउचर टाकत बसल्या. दीड वाजता डबा उघडला आणि तसाच झाकला. अडीचला डिस्पॅचचं पोरगं ओरडलं की त्याची एक्सेल फाइल उघडंना, नावापुढं काहीतरी गिचमिड आलंय. सगळे म्हणाले एक्सेल बिघडलं असंल. ताई गप्प. साडेतीनला ड्रॉइंग उघडेनात. चार वाजता मला फोन आला, तो पण मालकांचा आणि पहिलं वाक्य काय, तर "तुमचं नेटवर्क लई स्लो झालंय".

पावणेपाच तास. एवढ्या वेळात रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, गप्प बसून एकेक फाइल बंद करत गेला होता, आधी ताईंच्या कॉम्प्युटरवरची, मग त्या कॉम्प्युटरचा हात जिथं जिथं पोचतो तिथली, म्हणजे शेअर फोल्डर अख्खं. बॅकअपची हार्डडिस्क सर्व्हरला रात्रंदिवस जोडलेलीच असायची, ती पण गेली. प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी, बिटकॉइन द्या आणि चावी घ्या. मालकांनी दिले नाहीत, ते बरं केलं, पण मालकांच्या पोरानं कधीतरी दुसऱ्याच कामाला डेटा कॉपी करून घरी नेलेली एक डिस्क सापडली, चाळीस दिवस जुनी, तिच्यावरून गाडी परत उभी केली आणि मधले चाळीस दिवस तीन जणांनी कागदी चलनं बघून तीन आठवडे हातानं टाकले. सव्वाअकराला ताईंनी सीपीयूच्या मागची निळी नेटवर्कची केबल उपसली असती ना, दोन सेकंदांचं काम, तर एक कॉम्प्युटर गेला असता. फार तर. जेवणाच्या सुट्टीआधी फॉरमॅट मारून परत दिला असता मी.

आता त्या बोलल्या का नाहीत, हे कुणी विचारलंच नाही. मी विचारलं. त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं. प्रिंटरच्या वर भिंतीला लॅमिनेशन केलेली नोटीस होती, अनोळखी ईमेल उघडल्यास होणारे नुकसान संबंधिताच्या पगारातून वसूल केले जाईल, आदेशावरून. आणि त्याच्या महिनाभर आधी ई-वे बिलात गाडीचा नंबर चुकला म्हणून शॉपमधल्या सगळ्या लोकांसमोर त्यांना झापलेलं. चौदा हजार पगाराचं माणूस त्या नोटिशीखाली बसून पाच तास काय करणार? जे केलं तेच. मी पण तेच केलं असतं. फायरवॉलला, म्हणजे बाहेरून येणारं अडवणाऱ्या यंत्राला, मालकांनी साठ हजार घातले होते आणि वीस-तीस रुपयांच्या लॅमिनेशननं ते पाण्यात घातले.

म्हणून माझं म्हणणं असं की क्लिक होणारच. रोज शंभर मेल उघडायच्या कामावर माणूस बसवलाय, त्यातला एक चुकीचा उघडला जाणार, वर्षातून एकदा तरी, कितीही ट्रेनिंग द्या. क्लिक झाल्यावर तोंड उघडायला किती वेळ लागतो, तेवढ्यावर सगळं आहे, आणि तो वेळ साहेब ठरवतो.

हॅकर नाहीत असं मी म्हणत नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत 94 कोटी गेले, नकली कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले आणि त्यातली काही कार्डं आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममध्ये पण चालवली गेली होती, तेव्हा हे काय अमेरिकेतलं नवल राहिलेलं नाही. अपडेट न करणं हा पण धोकाच. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा असाच खंडणीचा व्हायरस आला, दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर बसले आणि त्यावरचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेला होता, दोन महिने नुसता पडून. आमच्याकडं एका शॉपमध्ये अजून विंडोज 7 वर मशीन चालतंय, 2020 च्या जानेवारीत त्याचा सपोर्ट संपला, पण मशीनचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही म्हणून हात जोडून बसलोय (त्याची केबल काढून ठेवलीय, काळजी नसावी). आणि पासवर्ड दर महिन्याला बदला हा जो छळ चाललेला असतो त्याचा उपयोग काय, तर लोक कोल्हापूर@1, कोल्हापूर@2 असं करत बाराव्या महिन्यात बारावर पोचतात. अमेरिकेच्या निस्ट नावाच्या संस्थेनं 2017 मध्येच सांगितलं की उगाच ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका. आमच्या साहेब लोकांपर्यंत ते अजून पोचायचंय. स्वतः मालकांच्या लॅपटॉपला यातला कुठलाच नियम नसतो ते वेगळंच, त्यावर पोरं गेम डाउनलोड करतात आणि अँटिव्हायरस आडवा येतो म्हणून बंद असतो.

पण माझ्या डोक्यात बसलेली गोष्ट बांगलादेशची. 2016 च्या फेब्रुवारीत तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून चोरांनी 8 कोटी 10 लाख डॉलर वळवले, डाव 95 कोटींचा होता. त्या बँकेत व्यवहाराचे कागद आपोआप छापणारा एक प्रिंटर होता, तो सकाळी बंद सापडला. लोकांना वाटलं नेहमीचाच बिघाड. आपण काय करतो प्रिंटर बंद पडला की? दोन थापा मारतो, कागद काढून परत घालतो आणि चहाला जातो. तो प्रिंटर चोरांनी बंद पाडलेला होता. आणि त्याच प्रकरणात श्रीलंकेला चाललेल्या एका ऑर्डरमध्ये फाउंडेशन या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं होतं, ते मधल्या एका बँकेत खटकलं, त्यांनी हे काय आहे म्हणून विचारलं आणि 2 कोटी डॉलर तिथंच अडकले. एवढ्या मोठ्या चोरीत पैसे वाचले ते कुणीतरी तोंड उघडून विचारलं म्हणून.

आपल्याकडं तोंड कसं उघडायचं हे कुणी शिकवायला पाहिजे असं पण नाही. पावसाळ्यात बघा की. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका, हे इथल्या शाळेतल्या पोराला पाठ असतं. दर तासाला ग्रुपवर आकडा, इतके फूट इतके इंच, चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं सोडून निघायच्या तयारीत आणि गल्लीत पाणी आलं हे सांगायला कुणाला लाज वाटत नाही, कारण पाणी आलं यात त्याचा काय दोष? 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली तेव्हा शाहूपुरीतल्या एका गिऱ्हाइकाचा तळमजल्यावरचा सर्व्हर आम्ही चौघांनी डोक्यावर घेऊन जिन्यानं वर नेला, तेवढा वेळ मिळाला, कारण शेजारच्या दुकानदारानं पहाटे शटर वाजवून सांगितलं. ऑफिसात मात्र आपल्याच पायाशी पाणी आलंय आणि माणूस पाय वर घेऊन गप्प बसतो, कारण सांगितलं तर पहिला प्रश्न "कुणी सोडलं?".

सर्ट-इन म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, तिनं 2022 च्या एप्रिलमध्ये आदेश काढलाय की असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत आम्हाला कळवा. दिल्लीला सहा तासांत! आमच्याकडं अकाउंटच्या टेबलावरून केबिनपर्यंत बातमी जायला पावणेपाच तास लागले, अंतर वीस फूट. पैशाच्या फसवणुकीचा 1930 नंबर पण तसाच आहे, जितक्या लवकर फोन कराल तितके पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, पण माणूस आधी दोन दिवस बायकोपासून लपवतो आणि मग फोन करतो.

आता माझं पण सांगतो, नाहीतर दुसऱ्याकडं बोट दाखवतोय असं वाटायचं. लॉकडाउनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटला घरातून काम करायचं होतं म्हणून मी त्यांच्या सर्व्हरचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून सर्व्हर चालवायची सोय, सरळ इंटरनेटवर उघडून दिलं, दोन दिवसांपुरतं म्हणून. सात महिने ते तसंच. पासवर्ड मीच ठेवलेला, इथं लिहायची लाज वाटते असला. एका रात्री कोणतरी आत आलं आणि सगळं कुलूपबंद करून गेलं. मी मालकांना सांगितलं काय, तर व्हायरस होता, अँटिव्हायरसनं पकडला नाही. बिल लावलं नाही, तेवढंच काय ते प्रायश्चित्त. बॅकअप ठीक होता म्हणून निभावलं. गेल्या वर्षी त्यांना खरं सांगितलं. ते दोन मिनिटं नुसते बघत बसले, मला वाटलं एएमसी गेली, आणि मग म्हणाले, "बाकीच्या ठिकाणी बघितलंस काय?" नव्हतं बघितलं. बघितलं असतं तर चूक माझी होती हे स्वतःशीच कबूल करायला लागलं असतं ना. त्या रात्री घरी बसून एकेक तपासलं, अजून दोन ठिकाणी उघडंच होतं. म्हणून खाली नाव देत नाही, तुम्ही पण छापू नका.

फाउंड्रीत आता ती नोटीस नाही. मालक सहजासहजी तयार झाले नाहीत, शिस्त बिघडंल म्हणत होते, तीन आठवड्यांचा ओव्हरटाइम कागदावर मांडून दाखवला तेव्हा ऐकले. तिथं आता मार्करनं लिहिलेला साधा कागद आहे, चुकून काही उघडलं तर निळी केबल काढा, वायफाय बंद करा, या नंबरला फोन करा, कुणी काही बोलणार नाही, आणि खाली माझा मोबाइल. शेवटचं वाक्य मालकांनी स्वतःच्या हातानं लिहावं असा हट्ट मी धरला होता. बॅकअपच्या डिस्क दोन आहेत, एक रोज संध्याकाळी काढून वॉचमन मामांच्या कपाटात जाते. शेअर फोल्डरच्या परवानग्या वेगवेगळ्या केल्यात आणि अपेक्षेप्रमाणं बोंब चालू आहे.

ताई अजून तिथंच आहेत. गेल्या महिन्यात सकाळी पावणेनऊला फोन आला, मी मिसळ खायला बसलेलो, "दादा, लाइट बिलाचा मेल आलाय, उघडू काय?" फोटो पाठवा म्हटलं, पाठवला, पत्ता नीट वाचून बघितला, मेल खरा होता. उघडा म्हटलं. तोपर्यंत कट थंड झालेला.

आपला नेहमीचा वाचक,
(नाव कळवले आहे, कृपया छापू नये)
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर