बाप होण्याआधी एकदा त्यालाही बोलवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस

सादर नमस्कार.

महोदय, एकच मागणी आहे. लग्नाची नोंदणी करायला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात एकदा मोफत तपासणीला बोलवा, आणि ती तपासणी संध्याकाळी ठेवा. मी नवी मुंबईत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. वीर्यतपासणीचे नमुने मायक्रोस्कोपखाली मीच बघतो आणि ते घेऊन येणाऱ्या माणसांशीही मीच बोलतो, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे नवरा सगळ्यात शेवटी येतो. तोवर बायकोच्या सोनोग्राफ्या झालेल्या असतात, हार्मोन्सच्या तपासण्या, गर्भनलिकांचा दुखणारा एक्स-रे, कुणाकुणाची दुर्बिणीची तपासणीसुद्धा. त्याची तपासणी काही शे रुपयांची, सुईसुद्धा न टोचणारी. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोकडच्या कारणासोबत. तरी लग्नाला तीन-चार वर्षं झाल्यावर तो येतो, डॉक्टरांची चिठ्ठी चार घड्या करून, आणि हळूच म्हणतो, "ती धातूची टेस्ट करायचीय." एवढ्या काळात घरी उपास-तापास सुनेनं केलेले असतात आणि बोलणीही तिनंच खाल्लेली असतात. याचा मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

पण वंध्यत्व हा प्रश्नाचा एक भाग झाला. ज्यांना मूल सहज होईल, त्यांनीही आधी तब्येत पाहायला हवी. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, पक्व होऊन बाहेर पडायला आणखी दोनेक आठवडे. दिवाळीनंतर मूल हवं असं ठरवलेल्या माणसानं तंबाखू श्रावणातच सोडायला हवी. श्रावण पाळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कारण नीट समजावलं तर त्यातले बरेच जण पुढचे दोन महिनेही निभावून नेतील, अशी माझी खात्री आहे. पण समजावणारं कुणी भेटत नाही. घरून आणायच्या नमुन्याची डबी शरीराच्या उबेला राहावी म्हणून ती आतल्या खिशात ठेवायला आम्ही सांगतो. त्याच खिशातून कित्येकदा गुटख्याची पुडी निघते. राज्यात गुटखाबंदी 2012 सालापासून आहे. तंबाखू आणि सिगारेटनं शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, त्यांच्यातल्या डीएनएला इजा होते. पुढे गरोदर बायकोच्या नाकात जाणारा धूर वेगळाच.

दुसरी गोष्ट व्यायामशाळांची. ऐरोली-घणसोलीतली पिळदार अंगाची पोरं येतात आणि रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. बोलतं केलं की कळतं, कुणीतरी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली होती. बाहेरून ते हार्मोन मिळू लागलं की मेंदू वृषणांना काम करायचा निरोप देणंच थांबवतो. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांची निर्मिती काही महिन्यांत परत सुरू होते, काहींना त्याहून बराच काळ लागतो. हे त्या पोरांना इंजेक्शन घेण्याआधी कुणी सांगत नाही. जाड होत चाललेले, साखर वाढलेली आणि ती कधीच न तपासलेले तरुणही रोज दिसतात.

ठाणे जिल्ह्यापुरतं आणखी एक सांगणं भाग आहे. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत थॅलेसेमिया या तशाच आजाराच्या वाहकांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त. वाहक म्हणजे आजाराचं एकच जनुक अंगात असलेला माणूस; तो धडधाकट असतो, त्याला काही कळत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के. त्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्या आजाराचं तीव्र रूप, असेल तर जन्मभर रक्त चढवत राहावं लागतं. आज अनेकदा बाई गरोदर झाल्यावर तिचं रक्त तपासतात आणि ती वाहक निघाली की मग नवऱ्याचा शोध सुरू होतो. तो कामावर असतो, रजा मिळत नाही, आठवडे सरत जातात. एक रक्ततपासणी लग्नाच्या वेळी झाली तर ही धावपळ टळेल.

टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांकडेही पाहा. 1977 साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी हे कीटकनाशक हाताळणाऱ्या कामगारांना मुलं होत नाहीत, हे आधी त्यांच्या त्यांच्यातच बोललं गेलं आणि मग तपासणीत सिद्ध झालं. शिसं, काही सॉल्व्हंट, भट्टीची उष्णता यांचाही परिणाम होतो. रबाळे, पावणे, तुर्भ्याच्या कारखान्यांतल्या वार्षिक वैद्यकीय तपासणीत याबद्दल निदान विचारलं तरी जावं.

आईसाठी सरकारनं पुष्कळ केलं आहे, ते मनापासून मान्य आहे. जननी सुरक्षा योजना 2005 पासून आहे, दर महिन्याच्या 9 तारखेची गरोदर मातांची तपासणी 2016 पासून, 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' हे अभियान 2022 साली सुरू झालं. त्या घरातल्या पुरुषाला मात्र बाप होण्याआधीच्या तपासणीला आपण बोलावलं नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या जोडप्यांपैकी बायकोची नसबंदी झालेली 37.9 टक्के आणि नवऱ्याची झालेली 0.3 टक्के आहेत. मूल नको असताना भार तिच्यावर आणि हवं असतानाही तिच्यावरच.

खर्च फार नाही. साखर, रक्तदाब, वजन, थॅलेसेमिया-सिकलसेल, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी, आणि तंबाखू सोडायला मदत. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांच्या तपासण्या एकाच आठवड्यात सुरू व्हाव्यात. केंद्रात दार लागणारी एक खोली हवी आणि बोलायला पुरुष समुपदेशक. माथाडी, रिक्षावाले, कंपनीतले कामगार सकाळच्या ओपीडीला येऊ शकत नाहीत. सहा ते नऊ ठेवलीत तर येतील.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते आणि ठाण्यात, नवी मुंबईत नोंदणीच्या रांगा वाढतात. परिपत्रक त्याआधी दोन्ही महापालिकांकडे पोहोचावं, ही विनंती.

आपला नम्र,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नवी मुंबई