पाकिटं कापू नका, मी येतेय

प्रिय आई-बाबा,

सा. न.

काल फोनवर सारखी रेंज जात होती म्हणून नीट लिहूनच पाठवते. बाबा, ट्रंकेतल्या पत्रांच्या जुन्या पाकिटांवरची पोस्टाची तिकिटं कापून तुम्ही पाण्यात भिजवायला घेतलीत असं आई म्हणाली, ते आधी थांबवा प्लीज. जी कापून झाली ती झाली, त्याचं मनाला लावून घेऊ नका, मला मदत व्हावी म्हणूनच तुम्ही करत होतात आणि मीच नीट सांगितलं नव्हतं. पण उरलेल्या एकाही पाकिटाला कात्री लावू नका.

कारण सांगते. आजोबांचे तिकिटांचे दोन्ही अल्बम मी गेले दोन महिने रात्री जेवणं आटपली की घेऊन बसते. शेजारचे काका लाखांच्या गोष्टी करत होते ना, तसं काही नाहीये. स्पष्टच सांगते म्हणजे तुम्ही आशेवर राहणार नाही. पंचम जॉर्जची एक आण्याची तिकिटं आपल्याकडे ढिगाने आहेत, पण तशी ती सगळ्यांकडेच आहेत, आणि त्यातल्या कितीतरींवर पेनाने सह्या मारल्यात. म्हणजे ती पत्राला नाही, पावतीला लावलेली, तेव्हा एकच तिकीट टपाल आणि महसूल दोन्हीला चालायचं. पेनाने खोडलेल्याला शिक्का मारलेल्यापेक्षा भाव कमीच मिळतो. शिवाय कॅटलॉगमधली किंमत ही स्वच्छ, कडेचे दाते शाबूत, मागे डाग नसलेल्या तिकिटाची, आणि तीसुद्धा दुकानदार आपल्याला विकताना लावतो ती. आपण विकायला गेलो की त्याच्या बरीच खाली. आपली बरीचशी कोकणातल्या पावसाने तांबूस डागाळलीत, काहींना कसर लागलीय. इथल्या एका व्यापाऱ्याला दाखवलं तर नुसतं चाळून म्हणाला सगळं मिळून आठ हजार देतो, पाकिटं असतील तर तीपण टाका त्यातच. मी नाही म्हटलं.

पण बाबा, बघायला काय मजा येते! एकसारखी दिसणारी दोन तिकिटं घ्यायची, उलटी करून उजेडासमोर धरायची. एकाच्या कागदात जलचिन्हाचा एकच तारा दिसतो, दुसऱ्याच्या कागदभर बारीक बारीक तारे. एक तारेवालं लंडनहून छापून आलेलं आणि बऱ्याच ताऱ्यांचं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधलं, कारण १९२६ पासून तिकिटं इथेच छापायला लागली. त्याच प्रेसच्या भिंतीवरून मी रोज ऑफिसला जाते आणि इतकी वर्षं मला हे माहीत नव्हतं. काही तिकिटांवर उजेडात तारा दिसतच नाही, ती मी काळ्या बशीत पालथी घालून बघितली, मग दिसला.

१९४७ चं २१ नोव्हेंबरचं साडेतीन आण्याचं झेंड्याचं तिकीट आहे, जय हिंद लिहिलेलं, स्वतंत्र भारताचं पहिलं. १९४८ च्या १५ ऑगस्टचा गांधीजींचा सेटपण आहे, स्वित्झर्लंडमध्ये छापलेला, नागरीत आणि उर्दूत बापू लिहिलेला, पण दीड आणे, साडेतीन आणे आणि बारा आणे एवढीच. चौथ्या, दहा रुपयांच्या तिकिटासाठी आजोबांनी पेन्सिलने चौकट आखून ठेवलीय. तेव्हाच्या दहा रुपयांत घरात काय काय यायचं ते तुम्हीच आम्हाला सांगायचात. आई म्हणाली विकत घेऊन जागा भरूया, पण त्या दहावाल्याच्या नकला बाजारात खूप आहेत आणि अस्सल आपल्या आवाक्यातलं नाही. राहू दे ती चौकट तशीच.

आता पाकिटांबद्दल. मागच्या महिन्यात आईने व्हॉट्सॅपवर जो फोटो टाकला ना, आजीच्या माहेरहून ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातून आलेल्या पत्रांचा, तो मी झूम करकरून बघितला. त्या तिकिटांवर राजाच्या डोक्याबरोबर इंग्रजीत ग्वालियर आणि खाली नागरीतपण ग्वालियर असं वरून छापलेलं आहे. शिंद्यांच्या संस्थानाचा इंग्रज सरकारशी टपालाचा करार होता, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचीच तिकिटं नाव छापून तिथे विकायचे आणि त्यावर पत्र थेट आपल्या राजापुरापर्यंत यायचं. सुटं असेल तर अशी बरीचशी तिकिटं साधीच, आणि खोटी अक्षरं छापून विकणारेही आहेत. पण पाकिटावर असेल तर शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर उमटलेला असतो, तारीख असते, मागच्या बाजूला पोचल्याचा राजापूरचा शिक्का असतो, म्हणजे ते तिकीट तिथूनच, त्याच पत्राबरोबर आलं हे कळतं. कापलं की हे सगळं गेलं. पैशाचं म्हणाल तर आपल्याकडे जे काही थोडंफार मोलाचं असेल ते अल्बममध्ये नाही, त्या ट्रंकेत आहे. आणि आतली पत्रं मोडी लिपीत आहेत, आजीच्या वडिलांच्या हातची! माझी एक मैत्रीण मोडी शिकलीय, ती वाचून देणारे.

तर आई, तू एवढं कर. पत्रं ज्या पाकिटातली त्याच पाकिटात राहू देत, अदलाबदल नको. रबरबँड काढून टाक, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नकोस, आतल्या आत दमट होतं. साध्या कागदात गुंडाळून माळ्यावरून खाली, देवघराच्या शेजारच्या कपाटात ठेव. सेलोटेप नाही, डिंक नाही, डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. आणि बाबा, भिजवलेली तिकिटं उन्हात नाही, घरातच टिपकागदावर पालथी वाळवा, वर जाड पुस्तक ठेवा, आणि ज्या पाकिटांवरून कापलीत ती पाकिटं चुलीत घालू नका, मला जोड्या लावून बघायच्यात.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते, रविवारी सकाळी राजापूर डेपोला उतरेन. बाबा, तुमचं ते मोठं भिंग शोधून ठेवा.

तुमची,
मनू