रोटरी गाडीचा टर्बो १.३ लिटरच्या हिशोबाने घेऊ नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रोटरी इंजिनच्या (पिस्टनऐवजी आत रोटर फिरतो त्या) गाडीला मोठा टर्बो कसा निवडायचा यावर लेख आला होता. टर्बोत एका शाफ्टवर दोन पंखे असतात, एक धुराच्या जोराने फिरतो, तो टर्बाइन, आणि दुसरा इंजिनात हवा दाबून भरतो. मराठी पेपरात असा विषय येतो याचाच मला लई आनंद झाला, लेख मी दुकानातल्या पोरांना वाचायला पण दिला. पण त्यात सुरुवातीलाच एक हिशोब चुकलाय आणि मग पुढचं सगळंच चुकत गेलंय म्हणून लिहितोय. लेखात म्हटलंय की माझदा या जपानी कंपनीच्या आरएक्स-७ गाडीचं रोटरी इंजिन १.३ लिटरचं आहे त्यामुळे तेवढ्याच साइजच्या पेट्रोल गाडीचा टर्बो त्याला पुरतो, आणि जास्त पॉवर पाहिजे असेल तर फक्त हवेकडचा पंखा मोठा घ्यायचा. हे वाचून कुणी खरंच तसा टर्बो बसवला तर टर्बोचे पैसे जातीलच, वर इंजिन पण बसेल.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टर्बो रिपेअर करतो. आमच्याकडे ट्रक, ट्रॅक्टर, जेसीबी, कारखाने सुरू झाले की उसाच्या गाड्या, हेच काम. रोटरी गाडी आपल्याकडे येत नाही कारण माझदाची शोरूमच इथं नाही. पण माझा भाचा ऑकलंडला नोकरीला आहे, तिकडे जपानमधून आलेल्या जुन्या गाड्यांची पोरांना फार हौस, त्याने नव्वदच्या दशकातली आरएक्स-७ घेतलीय आणि तिचे दोन्ही टर्बो संपलेत. आता दोन काढून एकच मोठा बसवायचाय, तर "मामा कुठला घेऊ" म्हणून त्याचे सारखे फोन चालू असतात. त्यामुळे या इंजिनचा हिशोब मी नीट बसून केलेला आहे.

आधी १.३ लिटरचं बघू. त्या इंजिनचं नाव १३बी, आत दोन तिकोनी रोटर, प्रत्येक रोटरला तीन बाजू. एका बाजूची जागा ६५४ सीसी, कंपनी प्रत्येक रोटरची एकच बाजू धरते म्हणून ६५४ दुणे १३०८. पण रोटर एकदा फिरतो तोवर मेन शाफ्ट तीनदा फिरतो, म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरची एक बाजू हवा ओढून जाळून बाहेर टाकते. आपल्या नेहमीच्या पिस्टन इंजिनला तेवढंच काम करायला शाफ्टचे दोन फेरे लागतात. तेव्हा दोन फेऱ्यात रोटरी किती हवा ओढते ते मोजा, १३०८ दुणे २६१६ सीसी. टर्बोला इंजिन कागदावर किती सीसीचं आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, मिनिटाला किती हवा जाते आणि किती धूर येतो एवढंच त्याला कळतं, आणि त्या हिशोबाने हे इंजिन २.६ लिटरचं आहे. जपान सरकार सुद्धा रोटरीला टॅक्स लावताना सीसी दीडने गुणतं. ७००० आरपीएमला आणि एक बार बुस्टला (टर्बो हवेला जो जादा दाब देतो तो बुस्ट) हे इंजिन मिनिटाला साधारण २० किलो हवा मागतं, आता १.३ लिटरच्या गाडीचा टर्बो एवढी हवा कुठून आणणार. तो आपल्या ताकदीच्या बाहेर फिरत राहणार, हवा दाबण्याऐवजी तापवत बसणार.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. लेखात सगळं हवेच्या बाजूबद्दल आहे, पंखा किती एमएमचा, किती हॉर्सपॉवरचा. रोटरीला टर्बो निवडायचा तर सुरुवात गरम बाजूपासून करायची, धूर जिकडून जातो तिकडून. या इंजिनला एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नाही, भिंतीत सरळ होल आहे आणि रोटरचं टोक त्यावरून सरकलं की होल एकदम उघडतं, त्यामुळे धूर धक्के मारत बाहेर येतो. जळायची जागा लांबट चपटी असल्याने सगळं पेट्रोल आत जळून संपत नाही आणि उष्णता धुराबरोबर बाहेर येते. जोरात चालवताना ९०० डिग्रीच्या वर सहज जातं, आपल्या ट्रकच्या डिझेल इंजिनपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून टर्बाइनचा पंखा चांगल्या इन्कोनेलचाच (उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू) पाहिजे, स्वस्तातला नको.

आता अशा इंजिनला गरम बाजूचं हाऊसिंग (टर्बाइनभोवतीचं कवच, धूर त्यातूनच जातो) लहान लावलं तर काय होतं? पिकअप लवकर येतो, सुरुवातीला मजा वाटते, पण वरच्या आरपीएमला धुराला वाटच राहत नाही. धुराडं अरुंद ठेवून चुलीत लाकडं वाढवत गेल्यासारखं होतं ते. बाहेर न गेलेला गरम धूर पुढच्या ताज्या हवेत मिसळतो, ती हवा आधीच तापलेली, मग ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपोआप दणक्यात पेट घेते, म्हणजे नॉकिंग चालू. पिस्टनची गाडी थोडं नॉकिंग सहन करते, रोटरी करत नाही. रोटरच्या तिन्ही टोकांना एपेक्स सील म्हणून पट्ट्या असतात, मूळच्या कास्ट आयर्नच्या, नॉकिंगच्या दणक्याने त्यांचा टवका उडतो. तो टवका त्याच एक्झॉस्टच्या होलमधून सरळ टर्बोत. भाच्याने जुन्या टर्बाइनचा फोटो पाठवला होता, पंख्याच्या प्रत्येक पात्याचं टोक एकाच उंचीवर उंदराने कुरतडल्यासारखं खाल्लेलं, मी त्याला लगेच सांगितलं की टर्बो राहू दे, आधी इंजिनचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) चेक करून घे. रोटरचं कॉम्प्रेशन तिन्ही बाजूंचं वेगवेगळं बघावं लागतं, साध्या गेजवर ते नीट कळत नाही.

हे इंजिन नाजूक आहे असं मात्र कुणी समजू नये. १९९१ साली ल मान्सची २४ तासांची रेस माझदाच्या ७८७बी ने जिंकली ती चार रोटरची गाडी होती, टर्बो नसलेली. उष्णता आणि नॉकिंग सांभाळलं तर हे इंजिन झकास चालतं.

भाच्याला मी जे सांगितलं ते तुमच्या वाचकांसाठी पण सांगतो. हाऊसिंगवर एआर चा आकडा असतो, आकडा मोठा तेवढी धुराची वाट मोठी, रोटरीसाठी तो १.०० च्या आसपास किंवा थोडा वर बघायचा, बुस्ट थोडा उशिरा आला तरी चालेल. दोन रोटर आहेत तर हाऊसिंग मधे भिंत असलेलंच घ्यायचं आणि मॅनिफोल्डमध्ये (इंजिनपासून टर्बोपर्यंत धूर नेणारे पाइप) पण दोन्ही रोटरच्या वाटा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याच्या धुराला अडवत नाही आणि मोठं हाऊसिंग असून सुद्धा पिकअप बराच परत मिळतो. वेस्टगेट, म्हणजे जादा धूर टर्बाइनला वगळून बाहेर सोडणारं दार, मोठं आणि हाऊसिंगच्या बाहेरचं लावायचं, आणि त्याचा पाइप धुराच्या वाटेतच तिरपा जोडलेला पाहिजे, काटकोनात नको. यात लोक पैसे वाचवतात आणि मग एक बारला सेट केलेला बुस्ट वर जाऊन दीड होतो, कारण धूर वेस्टगेटकडे वळतच नाही. एवढं झाल्यावर हवेकडचा पंखा निवडायचा, तो निवडणं सगळ्यात सोपं. पेट्रोलचं पण बघावं लागतं, त्या गाडीचे मूळ इंजेक्टर मिनिटाला ५५० आणि ८५० सीसी पेट्रोल सोडणारे असतात, मोठ्या टर्बोला ते पुरत नाहीत, आणि इंजेक्टर बदलले की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नव्याने ट्यून करणं आलंच.

जुना टर्बो घेत असाल तर शाफ्टचं टोक चिमटीत धरून हलवून बघा. साध्या बेअरिंगच्या टर्बोत आडवा थोडा प्ले असतोच, तेलाच्या फिल्मसाठी तो लागतो, त्याला घाबरू नका. पण आत-बाहेर ओढून जरा जरी हालचाल बोटाला जाणवली तर तो कोअर (शाफ्ट आणि बेअरिंगचा मधला भाग) परत द्या. हाऊसिंगच्या आतल्या कडेला गोल चकचकीत घासल्याची रेघ दिसली तरी परत द्या. बॉल बेअरिंगचा घेतला तर तेलाच्या लाइनला रिस्ट्रिक्टर (तेल कमी सोडणारा बारीक होलचा तुकडा) घाला, जास्त प्रेशरने तेल सीलमधून बाहेर येतं आणि मग टर्बो खराब आहे म्हणून बोंब.

तुम्ही म्हणाल सोलापुरात ही गाडी नाही तर इथं एवढं कशाला. साहेब, लेख वाचून दोन पोरं माझ्याकडे आली, डिझेल गाडीला मोठा टर्बो बसवून द्या म्हणत, हवेकडचा पंखा मोठा चालेल असं पेपरात आलंय म्हणत. पेपरात छापलेलं आपल्याकडे लोक अजून खरं मानतात. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर, गाव समुद्रापासून साडेचारशे मीटरवर, म्हणजे १५ डिग्रीच्या थंड किनाऱ्यावरच्या मानाने आपली हवा १३-१४ टक्के पातळ. तिकडचे चार्ट बघून घेतलेला टर्बो इथं मे महिन्यात जास्त फिरणार आणि हवा अजून तापवणार, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) चांगला नसेल तर विषयच संपला. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आरसी बुकात आहे त्यापेक्षा गाडीत वेगळा बदल चालत नाही, पोरांना हे कुणी सांगतच नाही.

तेव्हा विनंती अशी की येत्या रविवारी त्याच पुरवणीत दुरुस्ती छापा, १३०८ सीसी हा शाफ्टच्या एका फेऱ्याचा आकडा आहे आणि टर्बो २.६ लिटर धरून घ्यायचा एवढं तरी ठळक येऊ द्या. लेखकाला अजून काही विचारायचं असेल तर त्यांनी खुशाल दुकानावर यावं, खोललेले दोन-तीन कोअर कायम टेबलावर असतात, हातात घेऊन दाखवीन.

आपला,
एक टर्बो मेकॅनिक, अक्कलकोट रोड, सोलापूर