त्या नळीत उजेड शिरला नव्हता

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षे पत्र नाही, त्याला कारण माझा अबोला आणि अबोल्याला कारण ती दुसरी नळी, हे तुला सांगायला नको. नदीच्या पायरीतल्या, म्हणजे तिने खाली कापत जाताना वर सोडलेल्या जुन्या पात्रातल्या वाळूचे वय काढायला आपण उजेड न लावता दोन नळ्या भरल्या, वरच्या थरातली मी, खालची तू; आणि खालची वाळू वरच्याहून तरुण निघाली. प्रकृती ठीक आहे, गुडघा कुरकुरतो. तुझ्या बढतीचे कळले, अभिनंदन.

खालच्या थरातला कोळशाचा तुकडा तू हट्टाने जपून ठेवला होतास आणि मी हसलो होतो. तो अखेर कार्बन-14 वरून वय काढायला पाठवला. त्याचे वय खालच्या वाळूच्या वयाशी जुळले. लाकूड पुरले जाण्याआधी कितीतरी वर्षे पडून राहू शकते, त्यामुळे थर कोळशाहून तरुण असेल, जुना नसेल. म्हणजे तुझ्या हातून नळीत उजेड शिरला आणि वय कमी आले, हा माझा आरोप निराधार होता. चुकीचा होता तो वरचा नमुना, जो मी स्वतः घेतला होता.

पुरेसे ऊन लागले की वाळूतल्या क्वार्ट्झच्या (गारेच्या) कणांत अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि घड्याळ शून्यावर येते. गाळाखाली युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणांनी ते पुन्हा साठतात. या साठ्याला दर वर्षी मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेने भागले की वय मिळते, हे तूच मला पहिल्यांदा समजावलेस. पण गढूळ पुरात, त्यातही रात्री, कणांना ऊन कोठून मिळणार? जुने घड्याळ तसेच चालू राहिले. एकेक कण मोजला तेव्हा वयांचा इतका पसारा निघाला की आपल्या दोघांची भांडणे त्यापुढे सौम्य वाटावीत. फक्त सर्वांत तरुण कणांचा गट धरला, तर वरचा थर खालच्याहून तरुण येतो.

इथेच मला झोप नाही. वरचे जुने वय मी डोळे मिटून स्वीकारले, कारण ते सुमारे 20,000 वर्षांपूर्वीच्या हिमयुगाच्या ऐन थंडीशी जुळत होते आणि नदीची ती पायरी हवामानाने घडवली, असे मला ठरवायचेच होते. आता वय घटले की तितकीच उंची कमी काळात कापली गेली, असे म्हणावे लागते आणि जमीन उचलली जात असल्याचा तुझा दावा बळावतो. मग तरुण कण मी पुराव्यावरून निवडतो आहे, की तुझ्याकडे क्षमा मागण्याच्या घाईत? मागच्या वेळी हट्ट होता, या वेळी अपराधीपणा असेल. माझ्या निवडीवर दोन्ही वेळा विसंबता येत नाही.

म्हणून तुझी जुनी सूचना मान्य आहे. पायरीचा उघडा खडक घेऊन बेरिलियम-10 मोजू. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांनी क्वार्ट्झमध्ये ते तयार होते, म्हणून खडक किती काळ उघडा आहे ते त्यावरून कळते; अर्धायुकाल सुमारे 13.9 लाख वर्षे आणि पुरात ऊन मिळाले की नाही, हा प्रश्नच उरत नाही. खडकाची झीज किती धरायची, यावर आपण भांडूच.

वहिनींना नमस्कार, धाकटीच्या परीक्षेचे कळव. पावसाळा सरला की ये. वाळूचे नमुनेही पुन्हा घेऊ. या वेळी दोन्ही नळ्यांची झाकणे तूच लाव.

तुझा,
वसंत