आधी मॅन पानाचा विभाग पाहा

संपादक महोदय,

इंदूरमध्ये लिनक्स ही संगणक प्रणाली शिकणारी पुष्कळ मुलं 'मॅन' पान, म्हणजे 'मॅन' (man) या आज्ञेनं उघडणारं माहितीपुस्तिकेचं पान, कळत नाही म्हणून सोडून देतात. अनेकदा पानच चुकीचं उघडलेलं असतं. या पानांचे मुख्य 8 विभाग आहेत: 1 मध्ये आज्ञा, 2 मध्ये सिस्टिम कॉल (प्रोग्रामनं प्रणालीच्या गाभ्याकडे केलेल्या मागण्या), 3 मध्ये लायब्ररी फंक्शन (प्रोग्राममध्ये वापरायची तयार कामं), 5 मध्ये फाइलींची रचना. नुसतं 'मॅन प्रिंटएफ' (man printf) म्हटलं की सहसा आज्ञेचं पान येतं. सी भाषेतलं फंक्शन हवं तर 'मॅन 3 प्रिंटएफ' लिहावं. फोल्डर बदलणारी 'सीडी' (cd) ही आज्ञा तर बॅश शेलच्या, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, आतच असते. 'टाइप सीडी' (type cd) विचारलं की ते कळतं; मग तिच्या माहितीसाठी 'हेल्प सीडी' (help cd) लिहावं. पानात शोधायला तिरपी रेघ (/) आणि शब्द, बाहेर पडायला क्यू (q). शिक्षकांनी पहिल्याच तासाला एवढं दाखवावं, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, इंदूर