माझ्या रोगाला नाव कोण देणार? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मागच्या मंगळवारी पहाटेच्या एसटीने मी जिल्ह्याला गेले. शिबिरात माईकवरून सांगितलं होतं, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नागपूरचे मेंदूचे डॉक्टर येतील, ज्यांच्या हातापायाला त्रास आहे त्यांनी यावं. नाव लिहून घेतलं, चिठ्ठी दिली. दुपारी दोनपर्यंत बाकड्यावर बसले. मग शिपाई म्हणाला, आज नाहीत, पुढच्या महिन्यात या. हे तिसऱ्यांदा झालं. उठायला गेले तर गुडघे वळेनात. एका अनोळखी बाईनं काखेत हात घालून मला उभं केलं.

मी अडतीस वर्षांची आहे. लग्न झाल्यापासून रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाते. गेल्या दिवाळीपासून पोटऱ्या आणि मांड्या ताठतात. रात्रीचे गोळे वेगळे, ते चोळले की जातात. हा ताठा जात नाही. सकाळी खाटेवरून पाय खाली सोडले की लाकडाचे वाटतात. उजव्या पायाची चप्पल अंगठ्यापाशी पार झिजली, टाच मात्र नवीच आहे. मुलगी म्हणाली, आई, तू पाय घासत चालतेस. ती चप्पल मी चार डॉक्टरांना दाखवली. एक म्हणाले कॅल्शियम, एक बी-12, एक मणका. चौथे म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, आणि झोपेची गोळी लिहून दिली. मनाला लावून घेतल्यानं चप्पल झिजते का, साहेब?

मग मुलीच्या मोबाईलवर पाहिलं. मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसांचा, आजार म्हणून काही असतो. आधी हातपाय, मग गिळणं, मग श्वास. तेव्हापासून प्रत्येक घास नीट उतरतो की नाही, हे मी पाहत जेवते. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

दुसरी भीती आमच्या बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, आहे. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, धान उभा असतानाच लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात; नांगर नको, पाणी नको. तिची डाळ, तिचे वडे खाऊन आम्ही वाढलो. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय आखडून माणूस चवड्यावर चालायला लागतो, म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. 2016 मध्ये शास्त्रज्ञांच्या समितीनं कमी विषाच्या तीन वाणांना हरकत नाही म्हटलं. माझ्या कोठीतली लाखोळी कोणत्या वाणाची? आठवड्यातून दोनदा खाल्ल्यानं पाय जातात का? आमच्या गावात येऊन हे कोणीही सांगितलेलं नाही. धानावर तुडतुड्यांची कीड आली की फवारणीचं औषधही मीच कालवते, उघड्या हातानं. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा दोन दिवस सगळे बोलले. पुढे?

15 ऑगस्ट 2023 पासून तुमच्या खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. पण नसांची तपासणी इथं होत नाही म्हणतात, आणि जिथं होते ते मेडिकल कॉलेज दुसऱ्या खात्याचं, तिथं पावती फाडावी लागते. बाहेर एमआरआयला साडेसहा हजार दिले. माझी रोजी तीनशे. म्हणजे बावीस दिवसांची रोवणी, आणि रिपोर्टवर लिहिलंय, विशेष काही नाही. महात्मा फुले योजनेचं कार्ड घरात आहे, पाच लाखांचं. ती योजना रोगाच्या नावानं चालते. माझ्या रोगाला नावच नाही.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, 2025 पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी पैसा आरोग्यावर लागेल. तो पैसा वैनगंगेच्या या काठाला आम्हाला दिसला नाही. विदर्भाला न्याय्य वाटा देऊ म्हणणाऱ्या 1953 च्या नागपूर करारापासून विदर्भाला शब्दच मिळत आले. दर हिवाळ्यात अधिवेशनाला अख्खं सरकार मुंबईहून नागपूरला येतं, फाइली येतात, गाड्यांचे ताफे येतात. मग नागपूरहून एक डॉक्टर महिन्यातून एकदा इकडे का येऊ शकत नाही?

मला मेहेरबानी नको. नसांची तपासणी जिल्ह्यात व्हावी. लाखोळी खाणाऱ्या गावांत किती जणांचे पाय ताठले आहेत, हे घरोघरी जाऊन मोजावं. माझ्याच आळीत एक म्हातारा पंधरा वर्षांपासून काठी घेऊन चवड्यावर चालतो. त्याला कोणी विचारलेलं नाही.

पुढच्या महिन्यातल्या मंगळवारची चिठ्ठी माझ्याकडे आहे. मी येणार आहे. डॉक्टर येणार नसतील तर आदल्या दिवशी फोन करायला सांगा, नंबर त्या चिठ्ठीवरच लिहून घेतलाय.

आपली,
वैनगंगेकाठची एक रोवणीवाली